पहिला बार कुठे जातो? चोपडा तालुक्यातल्या एका ठासणीच्या बंदुकीचं प्रकरण

सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांची शेती आहे त्यांना रानडुकरांचं वेगळं सांगायला नको. मक्याच्या कणसात दूध भरलं की कळप उतरतो आणि एका रात्रीत जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट आडवं करून जातो, भुईमूग असेल तर वाफेच्या वाफे उकरून ठेवतो, आणि केळीत शिरला तर नवीन लागवडीचे कंद काढून टाकतो. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात म्हणूनच अजून काही घरांमध्ये पीक संरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची ती, भिंतीला टांगलेली दिसते. अशाच एका बंदुकीचं हे प्रकरण आहे, आणि ते पूर्ण लिहायचं कारण म्हणजे त्यात सगळ्यांनी जिथे दोष शोधला तिथे तो नव्हताच.

आधी कायद्याचं बोलून घेतो, कारण यात लोकांचा फार घोळ आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या लायसनची वेगळी तरतूद आहे, पण ते लायसन झालं बंदूक बाळगायचं. जनावरावर बार टाकायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती ज्या जनावरासाठी, ज्या शिवारासाठी, जेवढ्या मुदतीसाठी दिली तेवढीच चालते. परवानगी नसताना मारलेलं डुक्कर म्हणजे सरळ गुन्हा. या प्रकरणात दोन्ही कागद होते आणि मुदतही शिल्लक होती.

बंदूक नानांची. वय साठीच्या पुढे, चोपड्यापासून डोंगराकडे जाताना त्यांचा मळा लागतो, थोडी केळी, थोडा मका, बाकी कपाशी. बंदूक त्यांच्या वडिलांच्या वेळची, एकनळी, आतून गुळगुळीत म्हणजे गोळीला फिरकी देणारे आटे नसलेली, घोड्याखाली निपल म्हणजे भोकाची छोटी नळी, आणि निपलवर टोपी बसवायची, जी घोडा आपटला की फुटून दारूला जाळ देते. सप्टेंबरात मका भरात असताना नानांनी मचाणावरून रात्री दोनदा बार टाकला, वेगवेगळ्या रात्री. पहिल्या वेळेस जनावर तीस-पस्तीस पावलांवर उभं होतं आणि गोळी कुठे गेली कळलंच नाही. दुसऱ्या वेळेस लागली पण नीट लागली नाही, डुक्कर जखमी होऊन शेजारच्या केळीच्या बागेत शिरलं.

आता केळीची बाग म्हणजे आत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि सकाळी आठच्या आत तिथे बाया केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटलेले जादा कोंब, कापायला येतात. जखमी डुक्कर दबून बसतं आणि माणूस जवळ आला की सरळ अंगावर येतं, मांडीला सुळा लागला तर माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत राहीलच असं नाही. नानांनी रात्रीच वनरक्षकाला फोन केला, बागेच्या मालकाला उठवलं, सकाळी मजूर थांबवले, आणि वनखात्याची माणसं आल्यावर ते जनावर सापडलं आणि संपवलं. कोणाला काही झालं नाही. पण ती रात्र आणि ती सकाळ नानांच्या मनातून गेली नाही, ते म्हणाले नेम लागणार नसेल तर परवानगी परत करून टाकतो, हे दुसऱ्याच्या लेकीबाळींच्या जिवाशी खेळणं आहे. मला वाटतं प्रत्येक बंदूकवाल्याने याच जागेवरून विचार सुरू करायला पाहिजे. नेमबाजीची हौस हा वेगळा विषय आहे, इथे चुकलेल्या गोळीचा हिशोब सकाळी बागेत शिरणाऱ्या माणसाला द्यावा लागतो.

गावात जे निदान झालं ते नेहमीचंच. कोणी म्हणे नानांना आता दिसत नाही. कोणी म्हणे बंदुकीची दारू भेसळीची. मुलाचं म्हणणं माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हललेली असणार. नानांचं स्वतःचं म्हणणं एकच, "मन्हा डोया चांगला शेतस भो, बंदूकच वाकडी मारस." (माझे डोळे चांगले आहेत, बंदूकच वाकडी मारते.) आणि यातली गंमत नव्हे पण अडचण अशी होती की दिवाळीच्या आधी, दसऱ्याला पूजा करून झाल्यावर, नाल्याच्या दरडीवर पुठ्ठा लावून मारून बघितलं तर चार बारांपैकी दोन बार छान लागत होते. मग बंदूक वाकडी कशी म्हणायची?

इथे प्रकरणात काका आले. काका वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, आयुष्य काडतुसांमध्ये गेलेलं, ठासणीच्या बंदुकीशी त्यांचा कामाचा संबंध नव्हता पण नळी आणि मळ हे दोन विषय त्यांना पाठ. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी की बंदूक घरी कशी ठेवता आणि कशाने पुसता. नाना म्हणाले खुंटीला टांगतो, तोंड वर. पुसायचं म्हणजे रॉकेल मिळायचं तेव्हा रॉकेलने, आता डिझेलने, आणि मग वरून शिवणमशीनचं तेल चांगलं भरपूर. काका म्हणाले ठीक आहे, आता तिला कोणी हात लावू नका, आहे तशीच मळ्यात आणा.

हा आहे तशीच आणण्याचा आग्रह फार महत्त्वाचा ठरला. आपण काय करतो, बंदूक तपासायची म्हटलं की आधी पुसून चकाचक करतो, दोन बार गरम करायला मारतो आणि मग नेम बघतो. पण मचाणावर असताना पहिल्या दोन गरम बारांची सोय नसते. ठासणीच्या बंदुकीत परत भरायला एवढा वेळ लागतो की जनावर केव्हाच डोंगर गाठतं, त्यामुळे शेतातल्या कामाला उपयोगी बार एकच, तो म्हणजे घरून आणलेल्या थंड नळीतला पहिला. टार्गेटवर तिसरा-चौथा बार कुठे लागतो याला राखणीत काही किंमत नाही.

पोलीस पाटलांना आधी सांगून दुपारी नाल्यात जमलो. मागे दोन पुरुष उंचीची मातीची दरड, समोर चाळीस पावलांवर केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर कोळशाने काळा गोल, आणि बंदूक टेकवायला युरियाच्या गोणीत वाळू भरून. भरण्याआधी काकांनी गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची काठी, रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडला आणि तोंडापाशी जिथे आला तिथे गजावर खूण केली. नंतर दारू, चिंधीत बसवलेली गोळी, सगळं नीट तळाला बसल्यावर दुसरी खूण केली. गजावरच्या या दोन खुणा म्हणजे पुढच्या सगळ्या तपासाचा पाया. पहिली खूण सांगते नळी रिकामी आहे, दुसरी सांगते गोळी दारूवर टेकलेली आहे. ज्यांच्याकडे ठासणीची आहे आणि गजावर खुणा नाहीत त्यांनी आजच कराव्यात, कारण भरलेल्या बंदुकीवर परत भरल्याचे अपघात याच एका गोष्टीअभावी होतात.

पहिला बार. घोडा पडला, टोपी फुटली, आणि मग, मध्ये एक जाणवण्याइतका वेळ जाऊन, धाड झालं. टोपी आणि बार यांच्यात टक-धाड असं अंतर पडलं. त्या अंतरात नानांचा खांदा आपोआप सैल पडला होता, गोळी गोलाच्या खाली डावीकडे वितीपेक्षा लांब. दुसरा बार एकदम टचकन गेला, गोलाच्या कडेला. तिसऱ्या वेळेस चिंधी घातलेली गोळी खाली जाईना, गज दाबावा लागला, तळाच्या जरा वर अडकली, आणि दुसरी खूण तोंडाच्या वर बोटभर राहिली. काकांनी हात वर केला, कोणी टोपी लावायची नाही. गज हळूहळू दाबत दाबत खुणेला आणला, तेव्हा कुठे मारू दिला, तो गेला वर उजवीकडे. चौथा भरलाच नाही.

मग नानांच्या मुलाने तेच केलं दुसऱ्या दिवशी, त्याचे डोळे तरणे, बंदूक परत तशीच तेल लावून रात्रभर टांगलेली. तोच क्रम. पहिला उशिरा आणि लांब, दुसरा बरा, तिसरा जड आणि भटकलेला. म्हणजे डोळ्यांचा विषय मिटला. दारू दोन्ही दिवस एकाच डब्यातली, लायसनच्या दुकानातली, म्हणजे दुसरा बार चांगला जातोय तर दारूला दोष देता येत नाही. माशी हलवून बघितली, घट्ट होती. राहिली नळी.

आता नळीत काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे सगळे बंदूक पुसतात पण मळ कशाचा आहे हे बघत नाहीत. काळी दारू जळते तेव्हा तिचा सगळा धूर होत नाही. १९ व्या शतकात नोबल आणि एबल या ब्रिटिश संशोधकांनी बंद पोलादी भांड्यात दारू जाळून मोजलं तर वजनाने निम्म्याहून जास्त, साधारण ५५ ते ५७ टक्के, ऐवज घन रूपात मागे राहतो असं निघालं. त्यातला काही धुरातून बाहेर जातो, काही नळीला चिकटतो. हा मळ म्हणजे मुख्यत्वे पोटॅशियमचे क्षार, कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड, आणि बरोबर थोडा कोळसा. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात, लोखंडाला गंज आणतात, आणि पाण्यात सहज विरघळतात. तेलात, डिझेलमध्ये, रॉकेलमध्ये ते विरघळत नाहीत. आजच्या बिनधुराच्या दारूचा मळ वेगळा, तिथे तेलकट सॉल्व्हंट चालतं, म्हणून फौजेतून आलेला माणूसही ठासणीच्या नळीत तेलच ओततो. (आणि हे इथेच सांगून ठेवतो, बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरही घालायची नाही, नळी फाटते आणि हात जातो.)

नानांच्या बंदुकीत असं झालं होतं की डिझेलने वरचा कोळसा निघायचा, चिंधी काळी यायची, मन भरायचं, पण क्षार तसेच. त्यावर भरपूर तेल, म्हणजे क्षार आणि तेल मिळून डांबरासारखा लगदा. बंदूक तोंड वर करून टांगलेली, म्हणजे सगळं तेल हळूहळू ओघळून तळाशी, जिथे दारू बसते आणि निपलकडून जाळ येतो त्या बारीक भोकाशी. पहिल्या बाराला टोपीचा जाळ आधी त्या तेलातून जाणार, तेलाने भिजलेले दारूचे कण पेटायला वेळ घेणार, म्हणून ते टक-धाड. तो पहिला बार तेल जाळून टाकतो म्हणून दुसरा साफ जातो. आणि दुसऱ्यापर्यंत नवा मळ जुन्या लगद्यावर बसून नळी आतून अरुंद होते म्हणून तिसरी गोळी अडकते. गोळी अडकली, कमी-जास्त दाबली गेली, तर दर बाराला दारूवरचा दाब वेगळा, गोळीचा वेग वेगळा, आणि नेम वेगळा. गोळी दारूपासून वर राहिली तर मधल्या रिकाम्या जागेने नळी फुगू शकते किंवा फाटू शकते, त्यामुळे हा नेमाचा तसा जिवाचा पण प्रश्न आहे.

म्हणजे दसऱ्याच्या वेळी चारपैकी दोन चांगले का लागत होते याचं उत्तर मिळालं. चांगले लागायचे ते पहिल्यानंतरचे बार. आणि मचाणावर नशिबात यायचा तो नेहमी पहिला.

आणखी एक खूण काकांनी दाखवली ती मला फार आवडली. प्रत्येक बारानंतर पुठ्ठ्याच्या दिशेने चालत जाऊन गोळीभोवतीची चिंधी शोधायची, ती थोड्या अंतरावर पडलेली सापडते. दुसऱ्या बाराची चिंधी अख्खी होती, मध्ये गोळीचा गोल डाग, कडा उसवलेल्या पण शाबूत. तिसऱ्याची फाटून भोक पडलेलं. चिंधी फाटली म्हणजे नळीत काहीतरी खरखरीत आहे, मळाचं कवच किंवा गंजाचे खड्डे, आणि फाटलेल्या चिंधीतून जाळ पुढे निसटतो, गोळी नळीत सैल होते. बंदूक न उघडता नळीच्या आतली बातमी या चिंधीवर लिहून येते. नंतर बारीक एलईडी दिवा दोऱ्याला बांधून नळीत सोडला तर तळाच्या वर बोटभर जागेत काळं कवच दिसलं, आणि त्याच्या आजूबाजूला लाल गंज.

मळाचा हा त्रास आजचा नाही. १८५७ ची काडतुसं सगळ्यांनी शाळेत वाचलीत, चरबी लावलेली. ती चरबी कशासाठी होती हे मात्र शिकवत नाहीत. एनफिल्ड ही आटे असलेली ठासणीचीच रायफल, नळीचा व्यास ०.५७७ इंच, काही बारांनंतर मळाने गोळी खाली जायची बंद व्हायची, म्हणून काडतुसाला चरबी, ती मळ मऊ ठेवते आणि गोळी घसरवते. गोळी सुरुवातीला ०.५६८ इंचाची होती, ती पण मळात अडकते म्हणून पुढे ०.५५ इंचापर्यंत बारीक केली. एवढ्या मोठ्या फौजेला जो प्रश्न सुटायला वर्षं लागली तो नानांच्या नळीत बोटभर कवच होऊन बसला होता.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकारीचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे तिकडे या विषयावर खूप अनुभव साठलाय. तिकडे बरेच शिकारी दोन बारांमध्ये एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवतात. काळ्या दारूऐवजी पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारू १९७० च्या दशकापासून वापरात आहेत, त्याही नळी खातातच आणि धुवाव्याच लागतात. काहीजण मुद्दाम एक बार मारून, नळी थोडी मळवून मग शिकारीला जातात, म्हणजे पहिला बार आणि दुसरा बार सारखा पडतो. हा विचार चुकीचा नाही, नळी दर वेळेस एकाच अवस्थेत असणं हेच त्यामागचं तत्त्व. पण आपल्या सप्टेंबरात मळ लावलेली नळी रात्रभर मचाणावर ठेवली तर क्षार दमट हवेतलं पाणी ओढून दारूपर्यंत ओल नेतात, आणि गावाशेजारी संध्याकाळी विनाकारण बार काढणं कायद्यालाही धरून नाही आणि जनावरही त्या बाजूला फिरकत नाही. म्हणून नानांसाठी काकांनी ठरवलं ते स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या नळीचं.

धुण्याचं काम मळ्यातच केलं. आधी गज सोडून रिकाम्या खुणेची खात्री, मग निपल काढलं, नळी दस्त्यापासून सोडवली. भागातलं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, म्हणून गावातल्या आरोच्या जारमधलं पाणी चुलीवर तापवलं, त्यात भांड्याचा साबण थोडा. नळीचं निपलकडचं टोक घमेल्यात बुडवून वरून चिंधी लावलेला गज पिचकारीच्या दट्ट्यासारखा वरखाली केला. पाणी काळं झालं आणि सडक्या अंड्याचा वास सुटला, सल्फाइड पाण्यात गेलं की तो वास येतोच, आणि तो आला म्हणजे वर्षानुवर्षं डिझेलने न निघालेला माल निघतोय. नानांच्या घरातल्या वहिनी लांबूनच म्हणाल्या हे घमेलं आता घरात आणायचं नाही. पाणी बदलत राहिलो जोपर्यंत ते पांढरं राहिलं आणि चिंधी स्वच्छ आली. तळाच्या कवचाला पितळी ब्रश लागला. लोखंडी तारेचा ब्रश काकांनी हातात धरू दिला नाही, आणि गज पण नळीच्या तोंडाला घासणार नाही असा मधोमध धरायला लावला, कारण गोळी नळीला शेवटची शिवते ती तोंडापाशी, तिथली कड एका बाजूने झिजली की मग कितीही धुवा नेम येत नाही. तळाचा स्क्रू मात्र घरी उघडायचा नाही, ते लायसनवाल्या कारागिराचं काम.

गरम पाण्याचा फायदा हा की नळी तापते आणि आतली ओल स्वतःच उडते. तरी कोरड्या चिंध्या फिरवल्या, मग अगदी पातळ तेलाचा हात, आणि बंदूक ठेवायची तोंड खाली करून, खाली जुनं फडकं. जादा तेल तोंडातून निघून जातं, तळाशी साठत नाही.

राखणीला जायच्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच तेल पुसून काढायचं, एका चिंधीवर तेलाचा डाग येईनासा होईपर्यंत. मग न भरलेल्या बंदुकीवर एक-दोन नुसत्या टोप्या फोडायच्या, नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या गवताच्या काडीजवळ धरून. टोपीच्या हवेने काडी हलली तर निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी. नाही हलली तर भरायचंच नाही, आधी निपल साफ करायचं. त्यानंतर परत एक कोरडी चिंधी, कारण टोपीचाही मळ असतोच. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं.

पुन्हा नाल्यात गेलो ते या पद्धतीने तयार केलेली बंदूक घेऊन. पहिला बार टोपीबरोबरच गेला, अंतर नाही, गोळी गोलाला लागून. मग तोंडाच्या वाफेने ओलसर केलेली नव्हे तर पाण्यात पिळून घेतलेली चिंधी एकदा, कोरडी एकदा, आणि दुसरा बार. ओल्या चिंधीने दुसरा फायदा, नळीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर ती विझते, नाहीतर नवी दारू ओतताना ती हातात पेटते. असं करत मारलेले सगळे बार तळहाताच्या मापात बसले. दुसरी खूण दर वेळेस तोंडाला बरोबर.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि हे मला खरं शास्त्राचं वागणं वाटलं. ते म्हणाले दोष गेला हे कळलं, पण दोष हाच होता हे कसं कळलं? मग मुद्दाम चिंधी न फिरवता मारले, तिसऱ्याला गज जड झाला आणि गोळी सरकली. आणखी एक दिवस मुद्दाम आदल्या रात्री भरपूर तेल घालून तोंड वर टांगली, पहिला बार परत टक-धाड, परत खाली डावीकडे. दोष हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो म्हटल्यावर मग नानांच्या मुलाचं माशीचं म्हणणं पण बंद झालं.

उन्हाळ्यात एकदा बघितलं ते पण नोंदवतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडीठक्क. पावसाळ्यात जो मळ ओलसर आणि चिकट असतो तो उन्हाळ्यात कडक पापुद्रा होतो, आणि एका बारानंतरच गज खरखरायला लागतो. तेव्हा ओली चिंधी सोडून चालत नाही, एक बार झाला की एक ओली आणि एक कोरडी, आणि गोळीच्या चिंधीला तेल नव्हे तर मेण आणि खाण्याच्या तेलाचं मिश्रण, ते मळ मऊ ठेवतं. खनिज तेल मळाबरोबर परत तोच लगदा करतं, म्हणून भरतानाच्या चिंधीला ते नको.

बार टाकला त्याच रात्री, फार तर सकाळी, धुवायचीच. नाना आधी आठवड्याने पुसायचे. पावसाळी हवेत एका रात्रीत गंजाचा लाल हात दिसायला लागतो, आणि बार न टाकता भरलेली बंदूक घेऊन परत आलो तर ती तशीच खुंटीला लावायची नाही, टोपी लगेच काढायची आणि सुरक्षित दरडीत रिकामी करून धुवायची. घरात पोरंबाळं असतात.

शेवटी जे सुधारलं नाही ते पण सांगितलं पाहिजे. कवच निघालं पण त्याखालचे गंजाचे खड्डे गेले नाहीत, ते जाणारही नाहीत. कारागिराने नळी बघितली, भिंत अजून जाड आहे, वापरायला हरकत नाही म्हणाला, पण खड्ड्यांमुळे अधूनमधून एखादी चिंधी फाटते आणि तो बार बाकीच्यांपेक्षा थोडा लांब पडतो. म्हणून नानांनी स्वतःला मर्यादा घालून घेतली, तीस पावलांच्या पुढे बार टाकायचा नाही, जनावर आडवं आणि स्थिर उभं नसेल तर टाकायचा नाही, आणि टोपी फुटून बार उशिरा झाला तरी नळी निशाण्यावरून हलवायची नाही. तीस पावलांच्या हिशोबाने मक्याच्या बांधावरचं मचाण उचलून आत ओढ्याच्या वाटेजवळ आणलं, जिथून डुकरं उतरतात, आणि गोळी चुकली तरी समोर मातीचा चढ येतो. नवीन परवानगीच्या अर्जाबरोबर त्यांनी शेजारच्या केळीवाल्याला सांगून ठेवलंय की ज्या रात्री बार ऐकू येईल त्या सकाळी माझा फोन आल्याशिवाय मजूर बागेत सोडू नको.